रिकामटेकड्यांचं उत्तर

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मी इथे नेमकं करते काय, असं तू विचारलंस. शेजारच्यांना सांगताना म्हणे 'ती पाण्याचं काहीतरी करते' याच्यापुढे तुझी गाडी जात नाही. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानेच भरून घेतोस, म्हणून लिहूनच सांगते.

इथून बसने दोनेक तासांवर एक गाव आहे. गावाबाहेर कातडी कमावण्याचा कारखाना होता, तो बंद पडूनही बरीच वर्षं झाली. पण त्याच्या हौदांतली रसायनं हळूहळू जमिनीत मुरत राहिली. आता गावातल्या सगळ्या विहिरींना पत्र्याची झाकणं ठोकली आहेत आणि लोक टँकरच्या पाण्यावर दिवस काढताहेत. पाणीपुरवठा खात्याला आमच्याकडून एकच उत्तर हवंय. यातल्या कुठल्या विहिरी उघडल्या तर चालतील?

आता जमिनीखाली कुठे वाळू आहे आणि कुठे चिकणमाती, हे कुणी उतरून पाहिलेलं नाही. चार ठिकाणी भोकं पाडून जे कळलं तेवढंच. म्हणून आम्ही हजारो तऱ्हांच्या जमिनी कल्पनेने रचतो आणि प्रत्येकीत ते विष कुठवर पोचेल याचं गणित मांडतो. एका जमिनीचं गणित म्हणजे एक पुडी. अशा पुड्या इतक्या आहेत की आमच्या विभागातल्या संगणकांनी त्या सोडवेपर्यंत मी म्हातारी झाले असते. म्हणून मी त्या जगभर वाटायला काढल्या आहेत. ज्याला वाटेल त्याने आपल्या संगणकावर आमचा प्रोग्रॅम घालून ठेवायचा. संगणक रिकामा असला की तो एक पुडी उघडतो, सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. कुणाला पैसे मिळत नाहीत. थोडे गुण मिळतात आणि नाव झळकतं, बस. तरी लोक येताहेत. काल नावं एका पानात मावेनाशी झाली, तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरले.

आमच्या विभागाचे सर म्हणतात, मे महिन्याच्या आत अहवाल गेला पाहिजे. जाईल असं वाटतंय. असं वाटण्याची सवयच गेली होती.

मामीला सांग, मी वेळेवर जेवते. आणि तू यात काही करू नकोस, नुसतं वाच.

तुझी
मुंगी


११ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

पत्र आधी मी वाचलं, मग मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, दारात विहीर आणि तिला झाकण, रोज बघून त्या बायकांना काय होत असेल.

'नुसतं वाच' याचा अर्थ मला कळला. तू सातवीत असताना तुझा पवनचक्कीचा नमुना मी तुझ्या नकळत दुरुस्त केला आणि बाईंनी तुला सगळ्या वर्गासमोर विचारलं, हे घरी कुणी करून दिलं? त्यानंतर तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. आणि इथून निघताना फाटकाशी उभी राहून म्हणालीस, "मामा, आता माझं मला करू दे." तुझी आई गेल्यापासून तुझं सगळं करायची सवय लागली मला, ती एकदम कशी सुटेल? पण प्रयत्न चालू आहे.

माझं म्हणशील तर परीक्षा केंद्राचा नवा हॉल माझ्या ताब्यात आला आहे. साठेक टेबलं, प्रत्येकावर एक पडदा आणि पडद्यामागे पुस्तकाएवढी काळी डबी. तिला थिन क्लायंट म्हणतात. तिच्या पोटात फारसं काही नसतं, जे लागेल ते सगळं आतल्या खोलीतल्या सर्व्हरवरून येतं. संध्याकाळी बंद केली की दिवसभराचं सगळं विसरते आणि सकाळी कोरी पाटी. परीक्षा महिन्यातून चार-पाच दिवस. बाकीचे दिवस मी एका हातात फडकं घेऊन रांगांतून फिरतो आणि त्या साठ डब्या माझ्याकडे बघत बसतात.

सहज विचारतो. तुझ्या पुड्या असल्या लहान, गरीब यंत्रांवर सुटतात का? की भारी संगणकच लागतात? समजून घ्यावं म्हणून विचारलं, बाकी काही नाही.

तुझा
मामा


१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सुटतात की. वेळ जास्त लागतो, एवढंच. पुडीला मुदत असते, ती पाळली की झालं. प्रोग्रॅम आधी यंत्राची ताकद बघतो. नव्या धाटणीचा प्रोसेसर असला तर वेगवान वाटेने गणित करतो, नसला तर जुन्या, सावकाश वाटेने. ती वेगवान वाट गेल्या वर्षी मीच लिहिली. तेव्हा सरांनी चार माणसांत कौतुक केलं होतं. सर कौतुक करत नाहीत, हे तुला माहीत आहे.

आणि कुणाच्याही उत्तरावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. प्रत्येक पुडी दोन वेगळ्या माणसांकडे जाते. एकाच माणसाची दहा यंत्रं असली तरी दोन्ही प्रती त्याला देत नाही. उत्तरं जुळली तर ठीक. नाही जुळली तर तीच पुडी तिसऱ्याकडे जाते आणि ज्या दोघांचं जुळेल ते खरं धरायचं.

पण तू हे का विचारतोयस? मामा, तू काही उद्योग करत नाहीयेस ना?

मुंगी


२६ फेब्रुवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

छे. मी कसले उद्योग करणार.

कानाचं यंत्र नवं घेतलं, ते शिट्टी मारतं. मामीचा गुडघा बरा आहे, जिना चढताना ती अजून माझ्या नावाने खडे फोडते पण चढते. हॉलमध्ये एरवी गारठा असायचा, हल्ली छान ऊब असते. काम बरं चाललंय. तू घाईत असशील, उत्तराची घाई करू नकोस.

मामा


१२ मार्च

प्रिय मामा,

आधी गंमत सांगते, मग रडगाणं.

गंमत अशी की आमच्याकडे एक नवीन मंडळ आलंय आणि त्याने नाव काय घेतलं असेल? 'रिकामटेकडे'. जगाच्या पाठीवरच्या कसल्या कसल्या नावांमध्ये मला आपलं हे नाव दिसलं आणि मी एकटीच हसत सुटले. शेजारच्या टेबलावरच्याला अर्थ सांगायला गेले तर त्यातली मजाच गेली. एकदम साठेक यंत्रं घेऊन आलेत. रोज सकाळी सगळी एकत्र जागी होतात, संध्याकाळी एकत्र झोपतात. मध्येच काही दिवस पूर्ण गडप. पहिले काही दिवस मी सकाळी आल्या आल्या आधी त्यांचीच हजेरी बघायची. ओळख ना पाळख, पण आपलं कुणीतरी सोबत बसलंय असं वाटायचं.

आता रडगाणं. त्यांची उत्तरं चुकतात. सगळी नाही, पण भरपूर. दुसऱ्याशी जुळत नाहीत, मग पुडी तिसऱ्याकडे जाते, तिसरा दुसऱ्याच्या बाजूने मत देतो आणि रिकामटेकडे तोंडघशी पडतात. वेळ माझा जातो. सर म्हणाले, "एक तर यंत्रं तापून वेडीवाकडी चालताहेत, नाहीतर कुणीतरी गुणांच्या हव्यासाने खोटी उत्तरं टाकतंय. काढून टाक त्यांना." मी दोन दिवस थांबले आणि आज त्यांना पुड्या देणं बंद केलं. आत्तापर्यंतची उत्तरंही बाजूला काढली.

खरं सांगू, रागच आला. मदत करायची तर नीट करावी. नाहीतर मदतीच्या नावाखाली दुसऱ्याचं काम वाढवणारी माणसं असतातच. तुला कळेल मी काय म्हणते ते.

बाकी पुड्या भराभर सुटताहेत. गावाच्या पूर्वेच्या विहिरी सुरक्षित दिसताहेत, शाळेची विहीरसुद्धा. तिथल्या मुख्याध्यापिका दर आठवड्याला फोन करून विचारतात, "विहीर कधी उघडायची?" लवकरच हो म्हणता येईल.

मुंगी


२५ मार्च

चि. मुंगीस मामीचे आशीर्वाद.

तुझ्या मामांनी तुला कितीतरी दिवसांत पत्र लिहिलेलं नाही, हे मला काल कळलं. विचारलं तर म्हणाले, लिहीन. ते 'लिहीन' कसं असतं ते तुलाही माहीत आहे, म्हणून मीच लिहायला बसले. यांना वाटेल मी चहाडी केली. वाटू दे.

माणूस नीट जेवत नाही. ताटावर बसतो, पाणी पितो, उठतो. मला आधी वाटलं कानाचं दुखणं असेल, मग वाटलं निवृत्ती जवळ आली त्याचं मनाला लागलं असेल. परवा हॉलवर डबा द्यायला गेले तर हे एकेका डबीवर तळहात ठेवून चालले होते, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, डब्यांवरची धुळीची झाकणं काढलेली, प्रत्येक डबीखाली लाकडाच्या दोन पट्ट्या, वारा जावा म्हणून. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, "यांच्यामुळे पोरीचं काम बिघडलं." आणि पुढच्या डबीकडे वळले.

ते तुझ्या पुड्यांचंच ना गं? केंद्रप्रमुख बाईंनी रीतसर परवानगी दिली होती. एवढंच बजावलं होतं की परीक्षेच्या दिवशी एक जरी पुडी दिसली तर तुमची उचलबांगडी. नावसुद्धा बाईंनीच ठेवलं. त्या हॉलमध्ये आल्या की म्हणायच्या, काय म्हणताहेत तुमचे रिकामटेकडे? हे सगळं तुला यांनी लिहिलंच असेल. मग आता बिनसलं कुठे? तुमचं काही वाजलंय का? मला या वयात मध्ये पडायला लावू नका.

गुडघा ठीक आहे.

तुझी
मामी


३१ मार्च

मामा,

मामीचं पत्र आत्ता वाचलं. तिला ओरडू नकोस. तिला वाटलं मला माहीत आहे.

मी तुला काय लिहिलं होतं ते पुन्हा काढून वाचलं. 'मदतीच्या नावाखाली.' तुला कळेल म्हणून वर मखलाशीही केली होती. हे वाचून तू गप्प बसलास आणि डब्यांखाली पट्ट्या ठोकत राहिलास. मामा, मला रडू आलं. मी ज्या मंडळाची रोज सकाळी हजेरी बघायची तो तू होतास, आणि मीच तुला हाकललं. रागाव माझ्यावर, हवं तेवढं, पण लिही.

रडून झाल्यावर मी तुझी बाजूला काढलेली उत्तरं पुन्हा उघडली. आधी मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. जुळत नाही म्हटल्यावर चूक, एवढंच धरून चालले होते. आता बघतेय तर वेगळंच दिसतंय. यंत्र तापून चुकलं तर ते कसंही चुकतं, आज असं, उद्या तसं. तुझ्या डब्या तशा चुकत नाहीत. सगळ्या एकाच बाजूला चुकतात. प्रत्येक वेळी म्हणतात, विष पूर्वेकडे लवकर पोचेल. बाकी सगळं जग म्हणतं, पोचणार नाही. तुमच्या परीक्षेच्या हॉलमध्ये साठ जणांचं चुकलेलं उत्तर असं सारखं निघालं, तर तुम्ही काय म्हणता?

एक काम आहे. सोबत तीन पुड्या पाठवतेय. त्याच तीन पुड्या वेगवेगळ्या डब्यांवर चालव. सकाळी गार असताना, दुपारी तापल्यावर, दारापाशी, कोपऱ्यात. जे आकडे येतील ते जसेच्या तसे पाठव.

अहवाल लिहून झालाय, सरांच्या सहीसाठी ठेवलाय. पण थांबा म्हणायला माझ्या हातात अजून काही नाही. मला तुझी मदत हवी आहे, मामा. मी स्वतःहून मागतेय.

मुंगी


८ एप्रिल

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

मध्ये परीक्षा होत्या, म्हणून उशीर झाला. बाईंना दिलेला शब्द मोडायचा नव्हता.

रागावलो नाही. वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू. पण तुझ्या बोलण्याचं नव्हे. मला वाटलं, पुन्हा पवनचक्की केली मी. तुला न सांगता हात घातला आणि तुझं काम नासवलं, आणि तिकडे अहवालाची तारीख जवळ येत चाललेली. सांगायचं कसं तेच सुचेना. यंत्रं तापतात हे तुझ्या पत्रात वाचलं तसा ती गार ठेवायला लागलो, पण तू पुड्या बंद केल्यावर त्यालाही अर्थ नव्हता. तरी हात थांबत नव्हता.

आता कामाचं. डब्या बंद केल्या की सगळं विसरतात, हे मागे लिहिलंच होतं. म्हणून अर्धवट सुटलेली पुडी मी संध्याकाळी सर्व्हरवर ठेवतो आणि सकाळी पुन्हा ज्याची त्याला देतो. त्यात काही सांडलवंड होते का, ते आधी तपासलं. होत नाही. मग तुझ्या तीन पुड्या तू सांगितल्या तशा चालवल्या. दारापाशी, कोपऱ्यात, खिडकीत उन्हाला लागून असलेल्या डबीवरसुद्धा. आकडे सोबत आहेत. सगळीकडे तेच उत्तर. मी वाचत होतो आणि बाई चष्मा लावून शेवटच्या आकड्यापर्यंत ताडून बघत होत्या. कुठेही काडीचा फरक नाही.

तुझा प्रश्न मी बाईंना विचारला. साठ जणांचं उत्तर एकसारखं चुकलं तर आपण काय म्हणतो? त्या म्हणाल्या, "कॉपी म्हणतो. पण तुमच्या पोरांना एकमेकांशी बोलताच येत नाही. मग आपण आधी प्रश्नपत्रिका तपासायला घेतो."

यातून तुला काही कळतं का बघ. मला कळत नाही. पण तुझी काळजी इथवर पोचली आहे. काय होईल ते लगेच कळव. मामी जेवायला वाढून बसली आहे आणि मी आज जेवणार आहे.

मामा


१४ एप्रिल

प्रिय मामा,

सापडलं.

तुझं पत्र हातात घेऊन मी तडक माझी वेगवान वाट उघडली. वर्षभर तिच्याकडे बघितलंही नव्हतं. कौतुक झालेल्या कामाकडे कोण पुन्हा बघतं? त्यात एके ठिकाणी मी गणित सोपं करायला एक सोय केली होती: थर फारच पातळ असला तर तो नाहीच असं धरायचं. किती पातळ, ते लिहिताना माझा हिशेब चुकला. चार बोटं लिहायचं तिथे हातभर लिहिलं गेलं. त्यामुळे हातभरापेक्षा पातळ असा वाळूचा कुठलाही थर त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक संगणकाला दिसतच नव्हता. आणि भोकं पाडली तेव्हा त्या गावाखाली पूर्वेकडे नेमका तसाच एक थर लागला होता. पाणी वाळूतून धावतं. आम्ही ती वाळूच पुसून टाकली होती.

नवे भारी संगणक सगळे वेगवान वाटेने जातात, म्हणून सगळे मिळून एकच चूक करत होते आणि एकमेकांशी जुळत होते. तुझ्या डब्या बिचाऱ्या जुन्या वाटेने चालत होत्या. त्यांना वाळू दिसत होती. पण दोन्ही प्रती एका माणसाला द्यायच्या नाहीत हा माझाच नियम, त्यामुळे तुझ्या डबीसमोर प्रत्येक वेळी भारी संगणक यायचा, आणि मग तिसराही भारीच. दोघांविरुद्ध एक. जुनी यंत्रं आणखीही काहींकडे असतील, पण एखाददुसऱ्याचं न जुळणं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. साठ जण एकसारखे हट्टाला पेटले म्हणून कळलं.

मी धावत सरांच्या खोलीत गेले. धाप लागली होती.

"सर, अहवाल गेला का?"

"का?"

"गेला का, ते आधी सांगा."

सर खाली वाकले आणि टेबलाच्या खालच्या कप्प्यातून पाकीट काढून समोर ठेवलं. सही झालेली, वर पत्ता लिहिलेला. नकाशाची रंगीत प्रत छापून यायची होती, तेवढ्यासाठी थांबलं होतं. ती प्रत दुपारी येणार होती.

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. पूर्वेच्या विहिरी, शाळेची विहीर, माझी चूक, तुझ्या डब्या. सरांनी पाकीट स्वतःकडे ओढलं. मला वाटलं, आता संपलं आपलं. मग ते म्हणाले, "ती वाट मीही वाचली होती. वाचून शाबासकी दिली होती." पाकीट उभं फाडलं, आडवं फाडलं, टोपलीत टाकलं आणि म्हणाले, "तुझ्या मामांना म्हणावं, काढून टाका असं मी म्हणालो होतो, ते मागे घेतलं."

मी वाट दुरुस्त केली आहे. पहिल्या शंभर पुड्या सोडवून झाल्या. भारी संगणकांची उत्तरं आता तुझ्या डब्यांशी जुळताहेत. मामा, मी ती जुळलेली उत्तरं बघत नुसती बसून राहिले. अंगातलं सगळं त्राण गेल्यासारखं वाटतंय, आणि ते इतकं बरं वाटतंय.

सगळ्या पुड्या पुन्हा वाटायच्या आहेत. खात्याने मुदत थोडी वाढवून दिली. रिकामटेकड्यांची बंदी उठवली आहे. येताय ना?

मुंगी


२२ एप्रिल

चि. मुंगीस अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसलो. मामीने विचारलं, काय झालं, पोरीला बरं नाही का? मी म्हटलं, पोरगी छान आहे, मीच जरा हललोय. तिला सगळं समजावून सांगितलं. थर, वाळू, दोन वाटा. तिला त्यातलं एकच नेमकं कळलं. म्हणाली, "म्हणजे त्या शाळेतली पोरं ते पाणी प्यायली नाहीत." मग आत जाऊन बराच वेळ भांडी आवाज करत घासली. ती रडते तेव्हा असं करते.

मला एका गोष्टीचा फार उलगडा झाला, तो सांगतो. इतके दिवस मी त्या डब्यांकडे बघून मनात म्हणायचो, तुम्ही गरीब, तुम्हाला झेपलं नाही, माझंच चुकलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. छातीवरचा दगड उतरला. काल संध्याकाळी घरी येताना मी कानाचं यंत्र काढून खिशात टाकलं आणि उगाच लांबच्या रस्त्याने आलो.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात दोनच परीक्षा आहेत. उरलेले दिवस घ्या." आणि जाता जाता दाराशी थांबून हॉलकडे पूर्ण वळून बघून गेल्या.

आजपासून सगळ्या चालू केल्या आहेत. यावेळी तुला सांगून.

मामा


५ जून

प्रिय मामा, प्रिय मामी,

हे पत्र दोघांना.

काल आम्ही गावात जाऊन अहवाल दिला. सर म्हणाले, कागद खात्याला पाठवता येतो, पण माणसांना समोर जाऊन सांगू. शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. खात्याचे साहेब, गावातली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. भाषण सरच करतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तू बोल. तुझं काम आहे."

मी नकाशा लावला. गावाच्या पश्चिमेला टेकडी आहे, तिच्या बाजूच्या विहिरी उघडायला हरकत नाही, असं आधी सांगितलं. त्याबद्दल पहिल्या गणिताचं आणि दुसऱ्या गणिताचं एकच म्हणणं आहे, आणि मागच्या आठवड्यात काढलेलं पाणीही स्वच्छ निघालं. म्हणजे निम्म्या गावाची टँकरच्या रांगेतून सुटका झाली. मागे बसलेल्या एका आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा घातली. मग पूर्वेच्या विहिरींचं सांगितलं. तिथे आज पाणी स्वच्छ आहे, पण खाली वाळूचा थर आहे आणि विष त्याच्या तोंडाशी येऊन पोचलंय. त्या विहिरी बंदच राहतील. टेकडीवरून नळ टाकून देऊ असं साहेबांनी सर्वांसमोर कबूल केलं, तारीखही सांगितली.

मी लपवलं काही नाही. आमचं पहिलं उत्तर चुकलं होतं, हेही सांगितलं. एकजण चिडून उभा राहिला. म्हणाला, मग या उत्तराचा तरी काय भरवसा? बरोबर विचारलं त्याने. मी त्याला चूक कुठे होती आणि ती कशी कळली ते सांगितलं. कुठल्या तरी लांबच्या परीक्षा केंद्रातल्या रिकाम्या डब्यांनी बाकी सगळ्यांशी जुळवून घ्यायला नकार दिला, म्हणून कळली. लोक थोडे हसले. तो बसला. पुरतं पटलं असेल असं नाही, पण बसला.

सभा संपल्यावर मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या. एवढे दिवस फोनवर नुसता आवाज ऐकला होता, तोही घाईतला. मला वाटलं होतं उंच, कडक बाई असतील. माझ्याएवढ्याच निघाल्या. म्हणाल्या, "मी दर आठवड्याला तुमच्या मागे लागायचे, विहीर उघडा, विहीर उघडा. मार्चमध्ये तुम्ही जवळजवळ हो म्हणाला होतात."

"हो."

"उघडली असती तर?"

"उघडली नाही."

"पण कुणी गुपचूप उघडून..."

"झाकणावरचं खात्याचं सील आज सकाळी मी स्वतः बघितलं. तसंच आहे. कुणी प्यायलेलं नाही."

त्यांनी मान हलवली, दोन पावलं चालल्या आणि शाळेच्या पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. पटांगणात सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं, मुलं गुंडाळ्यांवर उड्या मारत होती आणि कुणीतरी त्यांना रागावत होतं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "या सगळ्यांना मी ओळखते हो. एकेकाला." आणि त्यांनी मला खरंच एकेक दाखवायला सुरुवात केली. हा गणितात हुशार, ती भांडखोर, तो डबा विसरून येतो आणि सगळ्यांच्या डब्यातलं खातो. मी सगळ्यांकडे बघितलं.

सर साहेबांच्या गाडीने गेले. मला एकटीने यायचं होतं, म्हणून मी बसने निघाले. खिडकीपाशी जागा मिळाली, उतरतं ऊन होतं. बस गावाबाहेर पडली तेवढं आठवतं. त्यानंतर कंडक्टर माझा खांदा हलवत होता.

"बाई, उठा. कुठे उतरायचं होतं तुम्हाला?"

मी स्टँडचं नाव सांगितलं.

"तो मघाशीच गेला. हा शेवटचा थांबा आहे. गाडी परत फिरणार आता."

मी म्हटलं, "मग परत जाताना उतरवा."

तो म्हणाला, "पुन्हा झोपाल."

मी म्हटलं, "झोपू द्या. स्टँड आला की हाक मारा."

आणि मामा, मी खरंच पुन्हा झोपले.

तुमची
मुंगी